जॉर्डनमध्ये विसावा: मृत समुद्रापासून वाडी रमपर्यंत, पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

जॉर्डनचं पॅकेज मागितलं की बहुतेक ठिकाणी एकच नमुना पुढे येतो. एक दिवस राजधानी अम्मान, एक दिवस खडकात कोरलेलं प्राचीन पेट्रा शहर, वाडी रमच्या वाळवंटात एक रात्र, मृत समुद्रात अर्धा तास डुंबणं, आणि घरी. त्यातला अर्धा वेळ गाडीत जातो. शरीराला आणि मनाला विसावा मिळावा म्हणून जाणार असाल, तर हा नमुना बाजूला ठेवा. हा देश आकाराने लहान आहे, अंतरं कमी आहेत. घाई करायचं काहीच कारण नाही.

एक गोष्ट आधीच लक्षात घेतली तर पुढचं सगळं सोपं जातं. जॉर्डन हा जगातल्या सर्वांत पाणीटंचाईच्या देशांपैकी एक आहे. माणशी वर्षाला 500 घनमीटरपेक्षा कमी पाणी म्हणजे तीव्र टंचाई मानतात. जॉर्डनमध्ये हा आकडा 100 च्याही खाली आहे. अम्मानमधल्या अनेक वस्त्यांत नळाला आठवड्यातून एकदाच पाणी येतं आणि ते गच्चीवरच्या टाक्यांत साठवून पुरवावं लागतं. 2016 साली मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी न्यावं लागलं, तो उन्हाळा आठवणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. इथली विसाव्याची जवळजवळ सगळी ठिकाणं पाण्याभोवतीच उभी आहेत: खारं पाणी, गरम पाणी, खडकात अडवलेलं पाणी, हमामातली, म्हणजे सार्वजनिक स्नानगृहातली, वाफ. पाण्याचा हा धागा धरून फिरलात तर स्पा आणि इतिहास असे प्रवासाचे दोन तुकडे पडत नाहीत.

1. महिना ठरवा, मग तिकीट काढा

मार्च ते मे आणि मध्य सप्टेंबर ते नोव्हेंबर हे चांगले महिने. जून ते ऑगस्टमध्ये मृत समुद्राकाठी पारा सहज 40 अंशांच्या आसपास जातो. तेव्हा ‘आराम’ म्हणजे दिवसभर वातानुकूलित खोलीत बसणं. डिसेंबर-जानेवारीत पेट्रा आणि अम्मानमध्ये कडाक्याची थंडी असते, क्वचित बर्फही पडतं. मात्र मृत समुद्राकाठी त्या दिवसांतही हवा उबदार राहते.

रमजान कधी आहे ते पाहा. तो दरवर्षी सुमारे 11 दिवस अलीकडे सरकतो. त्या महिन्यात जाऊ नये असं मी म्हणणार नाही. इफ्तारच्या वेळी अनोळखी माणसालाही आग्रहाने बसवून घेतात. पण दिवसा बरीच उपाहारगृहं बंद असतात आणि रस्त्यावर खाणंपिणं टाळावं लागतं. शुक्रवार-शनिवार हा तिथला साप्ताहिक सुट्टीचा काळ. त्या दोन दिवशी मृत समुद्राकाठची रिसॉर्टं भरतात आणि महागतात, म्हणून तिथलं बुकिंग रविवार ते गुरुवारमध्ये बसवा.

2. व्हिसा, पास आणि पैसे

एकदा प्रवेश करायच्या व्हिसाचं शुल्क 40 दिनार आहे. ‘जॉर्डन पास’ नावाचा सरकारी पास निघण्याआधी ऑनलाइन घेतला आणि देशात किमान 3 रात्री राहिलात, तर हे शुल्क माफ होतं. पेट्रासाठी 1, 2 की 3 दिवस हवेत त्यानुसार पास 70, 75 किंवा 80 दिनारांना मिळतो. पेट्राचं एका दिवसाचं तिकीटच 50 दिनार आहे, म्हणजे हिशेब तुम्हीच करा. पासात वाडी रम, जेराश, कुसैर अम्रा अशी बरीच ठिकाणं येतात. मृत समुद्र, माईनचे गरम झरे आणि पेट्रा रात्री दाखवायचा वेगळा कार्यक्रम येत नाही. दर आणि भारतीय पासपोर्टसाठीच्या अटी बदलत असतात, म्हणून तिकीट काढण्याआधी जॉर्डनच्या अधिकृत संकेतस्थळावर त्या वाचा. आपल्या परराष्ट्र मंत्रालयाच्या प्रवाससूचनाही बघा. शेजारी सीरिया आणि इराक आहेत, त्यामुळे परिस्थिती जाणून मगच निघावं.

दिनार डॉलरला बांधलेला आहे: एक दिनार म्हणजे साधारण 1.41 डॉलर. हे चलन महाग आहे. रुपयांत विचार करणाऱ्याला पहिले दोन दिवस प्रत्येक पाण्याची बाटली टोचते. डॉलर नेऊन तिथे बदला. खेड्यांत आणि वाळवंटात रोकडच लागते.

गाडी स्वतः चालवायची असेल तर निघण्याआधी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्या. तिथे वाहनं उजव्या बाजूने चालतात. रस्ते चांगले आहेत, पण गावाच्या तोंडाशी न रंगवलेले गतिरोधक अचानक येतात. मृत समुद्राच्या रस्त्यावर तपासणी नाकी आहेत, तेव्हा पासपोर्ट हाताशी ठेवा. ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर चालकासह गाडी घेणं जास्त सुखाचं.

3. क्रम असा लावा

बहुतेक जण मृत समुद्र शेवटी ठेवतात, ‘थकवा घालवायला’. माझा सल्ला उलट आहे: तो सुरुवातीला ठेवा. पेट्राच्या पायऱ्या आणि वाडी रमचे खडक झाल्यावर पायांना खरचटलेलं असतं, टाचा फुटलेल्या असतात, आणि त्या पाण्यात प्रत्येक ओरखडा भाजल्यासारखा झोंबतो. शेवटी हवा तो हमाम. वाळू, घाम, उन्हाचा राप सगळं तिथे उतरतं.

दहा रात्री असतील तर: मादबा 1, मृत समुद्र 2, फेनान (दाना संरक्षित क्षेत्रातलं इकोलॉज) 2, पेट्रा 2, वाडी रम 1, अम्मान 2. सातच असतील तर मादबा गाळा, फेनान आणि अम्मानची एकेक रात्र कमी करा. अकाबा आणि जेराश दोन्ही सुंदर आहेत, पण या खेपेला मोह आवरा.

विमानतळ अम्मानच्या दक्षिणेला आहे आणि मादबा तिथून अर्ध्या तासावर. पहिली रात्र तिथे काढली की राजधानीची रहदारी टळते. सकाळी सेंट जॉर्ज चर्चच्या जमिनीवरचा सहाव्या शतकातला मोझेक नकाशा बघा. त्यात जेरुसलेम आहे, नाईलचा त्रिभुज प्रदेश आहे, आणि मृत समुद्राच्या तोंडाशी आल्यावर उलट फिरणारा मासाही आहे. त्या पाण्यात जगता येत नाही हे माशाला कळलंय असं दाखवणारा तो कारागीर मला फार आवडतो. दुपारी त्याच समुद्राकडे उतरायचं.

4. मृत समुद्र: पाण्यात कसं उतरायचं

हा भाग नीट वाचा. इथे पोहता येणाऱ्यालाही नव्याने शिकावं लागतं.

समुद्राची पातळी आज जगाच्या समुद्रसपाटीच्या 430 मीटरपेक्षाही जास्त खाली आहे आणि क्षारांचं प्रमाण 34 टक्क्यांच्या घरात, म्हणजे नेहमीच्या समुद्राच्या साधारण दहापट. माणूस बुडत नाही हे खरं, पण पालथा झाला तर सरळ होणं अवघड जातं आणि नाकातोंडात गेलेलं थोडंसं पाणीही धोक्याचं ठरतं. म्हणून:

आदल्या दिवशी आणि त्या दिवशी दाढी, वॅक्सिंग काही करू नका. चांदी काढून ठेवा. जोडवी, पैंजण, साखळी काळी पडते. जुने कपडे आणि पाण्यातली चप्पल घाला, कारण काठावरचे मिठाचे खडे कापतात. गोड्या पाण्याची छोटी बाटली काठावर ठेवा, डोळ्यांत थेंब गेला तर लगेच धुवायला.

कमरेएवढ्या पाण्यापर्यंत चालत जा. खुर्चीत बसल्यासारखं सावकाश मागे बसा. पाय आपोआप वर येतात. मान वर, हात बाजूला, आणि बस्स. उडी मारू नका, तोंड बुडवू नका, शेजारच्यावर पाणी उडवू नका. उभं राहायचं असेल तर गुडघे छातीशी ओढा, हातांनी पाणी मागे सारा आणि पाय खाली टेकवा. दहा-पंधरा मिनिटांत बाहेर या, गोड्या पाण्याने अंघोळ करा, भरपूर पाणी प्या. पुन्हा जायचं तर तासाभराने.

काळा चिखल डोळे आणि ओठ सोडून सर्वांगाला लावा, पंधरा-वीस मिनिटं वाळू द्या, मग समुद्रातच धुवा. त्वचा मऊ होते, एवढं निश्चित. त्यापलीकडच्या जाहिराती सोडून द्या. सोरायसिससारख्या त्वचारोगांवर इथे खरोखर उपचार होतात. सपाटीच्या इतक्या खाली हवेचा जादा थर उन्हातले सर्वांत दाहक किरण थोडे गाळतो, म्हणून रुग्ण जास्त वेळ उन्हात बसू शकतो. पण ते उपचार आठवडेच्या आठवडे चालतात आणि डॉक्टरांच्या देखरेखीत. दोन रात्रींत रोग जाईल अशी आशा कुणाला लावू नका. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्यांनी अनवाणी उतरू नये. रक्तदाब, हृदयविकार किंवा गरोदरपण असेल तर घरच्या डॉक्टरांना विचारूनच हा प्रवास आखा.

मोठ्या रिसॉर्टमध्ये राहायचं नसेल तर दिवसाचा पास मिळतो. पैसे भरून जायचा सार्वजनिक किनाराही आहे. सार्वजनिक किनाऱ्यावर स्थानिक बायका पूर्ण कपड्यांत उतरतात. आपणही कुर्ता-लेगिंगवर उतरलं तर मोकळं वाटतं. रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून रिकाम्या किनाऱ्यावर मात्र उतरू नका. जॉर्डन आणि यार्मूक नद्यांचं पाणी वरच वळवलं गेल्यामुळे आणि खनिज कारखान्यांच्या बाष्पीभवनामुळे हा समुद्र वर्षाला सुमारे एक मीटर खाली जातोय. मागे राहिलेल्या जमिनीत क्षार विरघळून अचानक खड्डे पडतात.

5. माईनचे गरम झरे

मृत समुद्राजवळच्या डोंगरात हम्मामात माईन आहे. इथे गरम पाणी कुंडात साचत नाही, कड्यावरून धबधब्यासारखं कोसळतं. उगमाशी ते 60 अंशांच्या वर असतं, खाली येईपर्यंत सोसवेल असं होतं. आधी पाय, मग गुडघे, मग खांदे, असं उतरा. दहा मिनिटांनी बाहेर. उपाशीपोटी नको, भरपेट जेवूनही नको. कुटुंबांसाठी आणि बायकांसाठी सोयीची जागा कुठली ते दारातच विचारा.

आकाश भरून आलं असेल, अगदी दूरच्या डोंगरांवर ढग दिसत असतील, तरी या दऱ्यांत जाऊ नका. 25 ऑक्टोबर 2018 ला या भागातल्या अचानक आलेल्या पुरात 21 जणांचा जीव गेला. त्यात सहलीला आलेली शाळकरी मुलं होती. हीच काळजी वाडी मुजिब या दरीची. तिथली पाण्यातून चालत जायची वाट 1 एप्रिल ते 31 ऑक्टोबर उघडी असते, लाइफ जॅकेट सक्तीचं असतं आणि 18 वर्षांखालच्यांना सोडत नाहीत. रखवालदार ‘आज बंद’ म्हणाला की हुज्जत घालू नका.

6. फेनान: शाकाहारी माणसाचं वाळवंट

मला विचाराल तर या देशातलं खरं रिट्रीट हे. दाना संरक्षित क्षेत्र 1989 साली उभं राहिलं. सुमारे 300 चौरस किलोमीटरचं ते क्षेत्र 1500 मीटर उंचीच्या कड्यांपासून समुद्रसपाटीच्याही खाली उतरतं. त्याच्या पायथ्याशी 2005 पासून फेनान इकोलॉज चालू आहे. वीज सौरऊर्जेची, आणि संध्याकाळी खोल्यांत मेणबत्त्या. मुख्य रस्त्यापासून शेवटचा टप्पा बदूंच्या, म्हणजे वाळवंटातल्या भटक्या अरबांच्या, जीपने होतो. कामाला माणसंही याच भागातली.

आणि जेवण पूर्ण शाकाहारी. मसूर, वांगी, टोमॅटो, दही, ऑलिव्ह, तव्यावरची भाकरीसारखी पातळ रोटी. घरात मांस न शिजणाऱ्या मंडळींना ‘यात काय घातलंय?’ असं प्रत्येक घासाला विचारावं न लागणं, हाही एक विसावाच आहे.

इथे दोन रात्री राहाच. सकाळी वाटाड्याबरोबर चाला. आसपास हजारो वर्षांपूर्वीच्या तांब्याच्या खाणी आणि धातुमळीचे काळे ढीग दिसतात. दुपारी झोपा. संध्याकाळी बदू कुटुंबाच्या तंबूत कॉफीला बसा. रात्री गच्चीवर ताऱ्यांखाली. मोबाइलची रेंज कमीच असते. घरी तसं आधी कळवून ठेवा, नाहीतर तिकडे काळजी सुरू होते. भारतीय वेळ अडीच तास पुढे आहे.

7. तंबूतली कॉफी, ताटातलं जेवण

बदूंची कॉफी बिनसाखरेची, वेलचीची, आणि इवल्याशा कपात घोटभर. उजव्या हाताने घ्या. कप रिकामा दिसला की यजमान पुन्हा भरतो. पुरे असेल तर कप दोनतीनदा हलकेच हलवून परत द्या. नुसतं ‘नको नको’ म्हटलं तर आपल्याकडच्यासारखाच आग्रह होतो. चहा मात्र गोड असतो, पुदिना किंवा मरमिया नावाची रानातली पानं घातलेला.

2005 साली युनेस्कोने पेट्रा आणि वाडी रमच्या बदूंची संस्कृती मानवजातीचा अमूर्त वारसा म्हणून गौरवली. त्यांच्याकडचं आतिथ्य हा पर्यटकांसाठी रचलेला खेळ नाही. तंबूत बोलावलं तर बूट बाहेर काढा, बायकांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका, आणि यजमानाने पैसे नाकारले तर मुलांसाठी खाऊ द्या. लाडू, चिक्की, शेंगदाण्याचा कूट घातलेली वडी, काहीही चालतं.

मान्साफ हा तिथला मानाचा पदार्थ: वाळवलेल्या दह्याच्या, म्हणजे जमीदच्या, रश्शात शिजवलेलं कोकराचं मटण, भातावर. मांसाहारी असाल तर एकदा खाच. शाकाहाऱ्यांनी ‘अना नबाती’ (मी शाकाहारी) एवढ्यावर थांबू नये. ‘बिदून लहम, बिदून दजाज’ (मटण नको, चिकन नको) असंही सांगावं, कारण भात बरेचदा मांसाच्या पाण्यात शिजतो. हमूस, फलाफल, फूल (शिजवलेल्या बाकल्याचा पदार्थ), मुतब्बल (भाजलेल्या वांग्याचं भरीत), मसूर-भाताची मुजद्दरा आणि झातर हा रानपानांचा मसाला लावलेली गरम रोटी यांवर आठवडा आनंदात निघतो.

8. पेट्रा दोन दिवसांत

एका दिवसात पेट्रा उरकणाऱ्यांच्या आठवणीत ‘खजिना’ या खडकात कोरलेल्या वास्तूची दर्शनी भिंत आणि दुखरे गुडघे एवढंच राहतं. दोन दिवस घ्या. पहिल्या दिवशी फाटक उघडताच आत शिरा. 1.2 किलोमीटरची ‘सीक’ ही अरुंद घळ चालताना वर बघण्याच्या नादात भिंतीच्या कडेचे पन्हळ चुकवू नका. नबातियन लोकांनी दोन हजार वर्षांपूर्वी झऱ्यांचं पाणी याच खडकातल्या पाटांतून आणि मातीच्या नळांतून शहरात नेलं, पुराचं पाणी बंधारा घालून बोगद्यातून वळवलं. त्या पाण्याच्या जोरावर हे व्यापारी शहर वाळवंटात उभं राहिलं.

दुपारी हॉटेलवर परता, झोपा. दुसऱ्या दिवशी मठाच्या, म्हणजे अद-दैरच्या, 800 च्या वर पायऱ्या चढायच्या आहेत. त्या दुपारनंतर चढल्या तर चढावर बरीच सावली मिळते आणि दर्शनी भागावर ऊन येतं. उतरायला उजेड पुरेल असं बघा. गाढवावर बसून चढू नका: पायऱ्या त्यांच्या खुरांखाली झिजतात आणि जनावरांचे हाल होतात. गुडघे साथ देत नसतील तर खालच्या भागातच इतकं आहे की रुखरुख लागणार नाही. लहान मुलांकडून पोस्टकार्डं विकत घेऊ नका. त्यांची विक्री चालली की त्यांची शाळा सुटते.

9. वाडी रम: मुक्कामाचा तळ निवडताना चार प्रश्न

‘बबल टेंट’चे फोटो बघून बुकिंग करू नका. आधी विचारा: तळ संरक्षित क्षेत्राच्या आत आहे की बाहेर? चालवणारं कुटुंब रम गावातलं आहे का? कचरा कुठे नेता? रात्री जनरेटर चालतो का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल तर तारेही गेले आणि शांतताही.

जीपची फेरी घ्या, पण अर्ध्या दिवसाचीच. उरलेला वेळ चाला किंवा खडकाच्या सावलीत बसा. खझअली घळीतली प्राचीन खोदचित्रं सकाळच्या उजेडात बघावीत. रात्री ‘झर्ब’ असतं: वाळूत पुरलेल्या भट्टीत मांस आणि भाज्या शिजतात. आपल्या भाज्यांचा थर वेगळा ठेवायला दुपारीच सांगून ठेवा. हवा कोरडी असेल तर अंथरूण तंबूबाहेर मागा. रात्री गारठा पडतो, कानटोपी आणि शाल जवळ हवी.

इथे अंघोळीला बादलीभर पाणी पुरवा. या वाळूखालच्या दिसी साठ्यातलं पाणी हजारो वर्षांपूर्वी मुरलेल्या पावसाचं आहे आणि ते पुन्हा भरत नाही म्हटलं तरी चालेल. 2013 पासून ते 325 किलोमीटर लांबीच्या नळाने अम्मानला जातं.

10. शेवटी हमाम

अम्मानला परतल्यावर आधी शहराच्या पूर्वेला सुमारे 85 किलोमीटरवरच्या कुसैर अम्राला जा. आठव्या शतकात उमय्या राजघराण्यातल्या वलीद इब्न यझीद या राजपुत्राने ओसाड माळावर बांधलेलं हे छोटं स्नानगृह 1985 पासून जागतिक वारसा आहे. आत शिकार, कारागीर, न्हाणाऱ्या बायका, अगदी तंतुवाद्य वाजवणारं अस्वलही रंगवलंय. आणि गरम खोलीच्या घुमटावर राशिचक्रासह सगळं आकाश. बाहेर विहीर आहे आणि जनावराने फिरवायच्या रहाटाची जागाही.

मग संध्याकाळी शहरातल्या एखाद्या तुर्की हमामात. वेळ आधी फोन करून ठरवा, बायकांचे आणि पुरुषांचे तास वेगळे असतात. सुती पंचा किंवा पोहण्याचे कपडे घालून आधी वाफेत बसवतात, मग गरम दगडावर आडवं करून खरखरीत हातमोज्याने अंग घासतात. मळाच्या वळ्या निघताना लाजू नका, सगळ्यांच्याच निघतात. जोर जास्त वाटला तर ‘श्वय श्वय’ म्हणा, म्हणजे हळूहळू. त्यानंतर साबणाचा फेस, मालीश, थंड पाणी आणि गरम चहा. काम करणाऱ्याला वेगळी बक्षिशी द्यायची पद्धत आहे.

मृत समुद्राचा चिखल आणि मीठ मोठ्या बॅगेत, दुहेरी पिशवीत घट्ट बांधून टाका. हातातल्या सामानातला चिखल विमानतळावर काढून घेतात. खरेदीला पैसे उरले असतील तर मुकाविर गावातल्या बनी हमीदा बायकांनी हातमागावर विणलेली सतरंजी घ्या. हे गाव माईनच्याच बाजूच्या डोंगरात आहे, म्हणून ती तिकडे असतानाच बघून ठेवलेली बरी.